मिरर तोडला म्हणजे बॅकअप झाला का? मॅन्युअलांचं एक वाचन

मागच्या व्याख्यानात आपण डिस्क, रेड आणि मिररिंग बघितलं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. थोडक्यात असा : 'आमच्याकडे स्टोरेजवरच मिरर आहे. रोज रात्री एक मिरर तोडून बाजूला ठेवतो. मग डेटाबेसचा वेगळा बॅकअप कशाला?' प्रश्न रास्त आहे. आम्हीही एके काळी हाच विचारला होता आणि त्याचं उत्तर आम्हाला चांगलंच महागात पडलं. ते पुढे येईलच.

आज मात्र या प्रश्नाचं उत्तर जिथे लिहिलेलं असायला हवं ती पानंच आपण वाचायची आहेत. पोस्टग्रेस, ओरॅकल, मायएसक्यूएल यांची मॅन्युअलं. साहित्याची समीक्षा होते, नाटकाची होते, मॅन्युअलची कुणी करत नाही. खरं म्हणजे कादंबरी फसली तर वाचकाचे दोन दिवस जातात. मॅन्युअलमधला एक परिच्छेद फसला, तर रात्री तीन वाजता कुणीतरी सर्व्हर रूममध्ये घाम पुसत उभा असतो. म्हणून आम्हाला वाटतं की ही पानंसुद्धा कठोरपणे वाचली पाहिजेत.

आधी सोपा भाग उरकून टाकू. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवरचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला. मिररिंग त्याच्याही आधीपासून होतं, त्यांनी त्याला पहिली पातळी म्हटलं. त्यांच्यापुढचा प्रश्न होता डिस्क मेली तर काय. या प्रश्नाला मिरर हे उत्तम उत्तर आहे. पण चुकीचा डिलीट चालवला, तर तो दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी आणि तितक्याच इमानदारीनं चालतो. कंट्रोलरनं कचरा लिहिला, तर दोन्हीकडे कचरा. जोडलेला मिरर हा बॅकअप नव्हे, एवढं आता बहुतेकांना पटलेलं आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

खरा वाद तोडलेल्या मिररचा आहे. तिसरा मिरर ठेवायचा, रात्री दोन वाजता तो वेगळा करायचा, आणि तो अर्धा भाग म्हणजे त्या क्षणाची प्रत. मोठ्या स्टोरेज कंपन्या हे गेली पंचवीसेक वर्षं विकत आहेत. ईएमसीचं टाइमफाइंडर, हिताचीचं शॅडोइमेज. हल्ली स्नॅपशॉट म्हणतात, तंत्र थोडं वेगळं असतं, पण आपल्या प्रश्नापुरतं दोन्ही एकच. काही टेराबाइटचा डेटाबेस काही सेकंदांत 'कॉपी' होतो. हे ऐकून कुणालाही मोह होईल.

त्या अर्ध्या भागात नेमकं काय असतं, हे समजायला आपण बँकेच्या जुन्या कारकुनाकडे जाऊ. आपल्यातल्या काहींनी रोजकीर्द आणि खतावणी हातानं लिहिलेली असेल. नसेल त्यांच्यासाठी सांगतो. व्यवहार झाला की तो आधी वेळेच्या क्रमानं कीर्दीत जातो. मग सवडीनं त्या त्या खात्याच्या पानावर, म्हणजे खतावणीत, उतरतो. नियम एकच : कीर्दीत नसलेली नोंद खतावणीत जाता कामा नये. मधेच कारकून आजारी पडला, तर बदली माणूस कीर्द उघडतो, 'इथवर खतवलं' अशी खूण शोधतो, आणि त्यापुढच्या नोंदी उतरवून काढतो.

डेटाबेस हुबेहूब हेच करतो. लॉग ही त्याची कीर्द, डेटा फाइल ही खतावणी, आणि चेकपॉइंट ही ती खूण. प्रत्येक पानावर 'अमुक नोंदीपर्यंत उतरवलं' असा क्रमांकही असतो, त्यामुळे एकच नोंद दोनदा उतरत नाही. शिवाय अर्धवट राहिलेला व्यवहार मागे कसा फिरवायचा, त्याचीही सोय असते. १९९२ साली आयबीएमच्या सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एरीज' नावानं ही सगळी शिस्त कागदावर मांडली. मोहन आपल्या मद्रास आयआयटीतून गेलेले. आज वापरातल्या किती तरी डेटाबेसांच्या आत त्या निबंधातले विचार कमीअधिक रूपात फिरत आहेत.

आता मिरर चालू असताना तोडला. त्या क्षणी खतावणी अर्धवट आहे, काही पानं अजून मेमरीतच आहेत, काही पानं डिस्कवर निम्मीच लिहिली गेली आहेत. पण कीर्द पूर्ण आहे. म्हणजे ही प्रत हुबेहूब वीज गेल्यासारखी आहे. आणि वीज गेल्यावर उठून उभं राहणं हे तर डेटाबेसचं मूळ कामच! इंग्रजीत याला क्रॅश कन्सिस्टंट म्हणतात. तेव्हा 'चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट निरुपयोगी' असं जे काही पुरातन डीबीए ठामपणे सांगतात, ते चूक आहे. स्टोरेजवाल्यांचा दावा खोटा नाही, अर्धा आहे.

उरलेला अर्धा भाग म्हणजे 'त्या क्षणी' या दोन शब्दांची किंमत. वीज सगळीकडे एकाच वेळी जाते. मिरर एकाच वेळी तुटतो का?

समजा कीर्द एका व्हॉल्यूमवर आहे आणि खतावणी दुसऱ्या. असंच ठेवा म्हणून तर आपल्याला शिकवलेलं असतं. स्क्रिप्टनं दोन वाजता लॉगचा मिरर तोडला आणि तीन सेकंदांनी डेटाचा. या तीन सेकंदांत एका खात्यातून पाच हजार रुपये दुसऱ्या खात्यात गेले. नावे टाकलेलं पान डेटा फाइलमध्ये उतरलं, जमेचं पान अजून मेमरीतच आहे. आता तुमच्या प्रतीत पैसे वजा झालेले आहेत, जमा झालेले नाहीत, आणि कीर्दीत या व्यवहाराचा मागमूस नाही, कारण कीर्दीचा फोटो आधीचा. बदली कारकून काय करणार? त्याला कळणारच नाही की काही राहिलंय. डेटाबेस अशा वेळी कधी ओरडतो, कधी निमूट उघडतो. ओरडला तर देवाची कृपा समजा.

उलट क्रमानं तोडलं तर? आधी खतावणीचा फोटो, मग कीर्दीचा. हे चालतं. कीर्द थोडी पुढची आहे, हरकत नाही, नोंदी उतरवून घेता येतील. अट इतकीच, की कुठपासून उतरवायच्या ती खूण खतावणीच्या फोटोइतकीच जुनी हवी आणि तिथपासूनची कीर्द शाबूत हवी. पुढे आपण ज्या आज्ञा बघणार आहोत, बिगिन बॅकअप वगैरे, त्यांचा अर्धाअधिक खटाटोप ही खूण जपण्यासाठीच आहे. हे एवढं लक्षात ठेवलंत तर मॅन्युअल वाचताना निम्मं काम झालं.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही जाहिरातपत्रकात ठळक नसते. तोडलेला मिरर पुन्हा जोडला की तो मागे राहिलेले ब्लॉक भरून काढतो. कोणत्या क्रमानं? डिस्कवरच्या जागेच्या क्रमानं, लिहिल्याच्या क्रमानं नव्हे. लिनक्सवर डीआरबीडी वापरणाऱ्यांनी हे पाहिलं असेल, या काळात दुय्यम बाजूची स्थिती चक्क 'इन्कन्सिस्टंट' अशी दिसते. ही भरपाई चालू असताना ती बाजू क्रॅश कन्सिस्टंटही नसते. तिच्यात कालची पानं आणि आजची पानं यांचा काला झालेला असतो. आणि ती भरपाई तुम्ही कालच्या एकुलत्या एक चांगल्या प्रतीवर करताय! म्हणजे रोज रात्री काही तास तुमच्याकडे एकही बॅकअप नाही. डीआरबीडीच्या मंडळींना हे माहीत आहे, म्हणून भरपाईआधी एलव्हीएमचा स्नॅपशॉट घेऊन ठेवायची सोय त्यांनी दिलेली आहे. किती जण ती चालू करतात, असं आम्ही कार्यशाळांमध्ये विचारतो. हात फारसे वर होत नाहीत.

बरं, आता मॅन्युअलांकडे.

पोस्टग्रेसपासून सुरू करू, कारण त्याचं गद्य आम्हाला सगळ्यात जास्त आवडतं. फाइल सिस्टिमच्या पातळीवरच्या बॅकअपचं एक छोटं प्रकरण आहे. त्यात सरळ कबुली आहे : अशी प्रत परत उघडली की सर्व्हरला वाटेल आपण कोसळलो होतो, तो लॉग पुन्हा चालवेल, घाबरू नका, फक्त लॉगच्या फाइल प्रतीत असू द्या. किती स्वच्छ! वाचकाला घाबरवत नाही, फसवतही नाही. पुढे ते सांगतात की डेटाबेस अनेक फाइल सिस्टिमवर पसरला असेल तर सगळ्यांचे स्नॅपशॉट अगदी एकाच क्षणी मिळतीलच असं नाही. हेही बरोबर. पण मग जो सल्ला येतो, तो असा की विसंबण्याआधी आपल्या फाइल सिस्टिमचं मॅन्युअल नीट वाचा. आणि स्टोरेजचं मॅन्युअल उघडलं, तर आमच्या अनुभवात तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, की डेटाबेसच्या सुसंगतीबद्दल डेटाबेस पुरवणाऱ्याला विचारा. सरकारी कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात तशी ही टोलवाटोलवी आहे. पोस्टग्रेसला तिथे तीन ओळी जास्त लिहिता आल्या असत्या : सगळे व्हॉल्यूम एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये आहेत का, टेबलस्पेस कुठे ठेवलेत, लॉगची डिरेक्टरी लिंक करून दुसरीकडे नेली आहे का. हे तीन प्रश्न विचारले असते तर वाचकाला स्टोरेजवाल्याकडे काय मागायचं ते तरी कळलं असतं. मग तो सरळ पाच मिनिटं सर्व्हर बंद ठेवून प्रत घेईल, नाहीतर पर्याय म्हणून दिलेल्या बेस बॅकअपकडे वळेल. पण वळेल तो समजून वळेल.

त्या बेस बॅकअपच्या पद्धतीत बॅकअप सुरू करायचं फंक्शन चालवायचं, फाइल कॉपी करायच्या किंवा मिरर तोडायचा, मग संपवायचं फंक्शन. यात बॅकअप लेबल नावाची एक छोटी फाइल मिळते. 'इथवर खतवलं' ही खूण तिच्यात असते. रिस्टोअर करताना सर्व्हर उठला नाही की काही लोक ही फाइल काढून टाकतात, आणि गंमत म्हणजे सर्व्हर उठतो! उठतो, पण चुकीच्या खुणेपासून. मॅन्युअल हे करू नका म्हणतं. ते सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरात म्हणायला हवं होतं. जुन्या पद्धतीत ही फाइल चालू सर्व्हरच्या डिरेक्टरीतच पडायची, त्यामुळे बॅकअपच्या मधे सर्व्हर कोसळला तर मूळ सर्व्हरच उठायला कुरकुर करायचा, आणि ती काढून टाकायची सवय तिथूनच लागली. २०२२ साली पंधराव्या आवृत्तीत ती पद्धत काढून टाकली. आमच्या मते हे त्या प्रकरणावरचं सगळ्यात चांगलं संपादन. वाईट सवय लावणारा परिच्छेद सुधारत न बसता त्यांनी ती सोयच मोडीत काढली.

ओरॅकलचं प्रकरण वेगळं. तिथे वर्षानुवर्षं पाककृती दिलेली होती. बिगिन बॅकअप करा, हवं तर सस्पेंड करा, मिरर तोडा, रिझ्यूम करा, एंड बॅकअप करा, चालू लॉग आर्काइव्ह करा. पाककृती बरोबर आहे. अगदी मिठाच्या चिमटीपर्यंत बरोबर आहे. पण का, ते इतक्या ठिकाणी विखुरलेलं, की त्यातून एक दंतकथा जन्माला आली : बिगिन बॅकअप केलं की डेटा फाइलवर लिहिणं थांबतं. आम्ही स्वतः हे एका प्रशिक्षणवर्गात फळ्यावर लिहिलेलं उतरवून घेतलं आहे. ते साफ चूक आहे. लिहिणं चालूच राहतं. थांबते ती फाइलच्या शीर्षभागातली चेकपॉइंटची खूण. ती गोठवली जाते, म्हणजे नंतर कुठपासून नोंदी उतरवायच्या ते पक्कं राहतं. शिवाय त्या काळात एखाद्या ब्लॉकला पहिल्यांदा हात लागला की तो अख्खा ब्लॉक लॉगमध्ये जातो, कारण कॉपीत तो निम्मा जुना, निम्मा नवा आलेला असू शकतो. म्हणूनच बॅकअपच्या वेळी लॉग फुगतो. ही दोन वाक्यं कळली की पाककृतीतली प्रत्येक पायरी आपोआप जागेवर बसते. नाही कळली, तर माणूस 'कन्सिस्टन्सी ग्रुप आहे ना, मग बिगिन बॅकअप कशाला' म्हणून एक पायरी गाळतो. आमच्याकडे गाळली होती.

२०१३ च्या १२सी आवृत्तीत ओरॅकलनं एक पाऊल पुढे टाकलं, त्याचं श्रेय द्यायला हवं. स्टोरेजनं काही हमी दिल्या तर बिगिन बॅकअप न करता घेतलेला स्नॅपशॉटही चालेल, रिकव्हरीच्या वेळी फक्त स्नॅपशॉट पूर्ण झाल्याची वेळ सांगा. हमी कोणत्या तेही लिहिलं : त्या क्षणी प्रत क्रॅश कन्सिस्टंट हवी, लिहिण्याचा क्रम राखलेला हवा, आणि वेळेची नोंद हवी. आम्हाला हा परिच्छेद फार महत्त्वाचा वाटतो. कारण इथे ओरॅकलच्या मॅन्युअलनं स्टोरेजवाल्याला अटी घातल्या. आता तुम्ही तो कागद घेऊन विक्रेत्यापुढे बसू शकता आणि म्हणू शकता, यावर सही करता का?

मायएसक्यूएलबद्दल फार बोलत नाही, कारण तिथला दोष मॅन्युअलचा कमी आणि वाचकांचा जास्त. 'फ्लश टेबल्स विथ रीड लॉक' चालवलं की सगळं शांत झालं असं लोक धरून चालतात. लॉक नवे बदल थांबवतं. पण इनोडीबीचे मागचे धागे मेमरीतली पानं डिस्कवर उतरवतच असतात. तेव्हा इनोडीबीच्या स्नॅपशॉटला वाचवतात ते त्याचा स्वतःचा रीडू लॉग आणि डबलराइट बफर. सोळा केबीचं पान निम्मंच लिहिलं गेलं तर त्याची शाबूत प्रत त्या बफरमधून मिळते. लॉकचा खरा उपयोग बायनरी लॉगमधली जागा टिपून घ्यायला. जुन्या मायआयसॅम टेबलांना मात्र ते लॉक खरोखरच लागतं, कारण त्यांना कीर्दच नाही. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांकडे विंडोजची व्हीएसएस आहे. तीत सगळ्यांना मिळून लिहिणं थांबवायला लावतात, तेही फार तर दहा सेकंद. मोठ्या, गजबजलेल्या सर्व्हरवर तेवढ्यात नाही जमलं तर स्नॅपशॉट रद्द होतो. रद्द होणं चांगलंच, आम्ही म्हणू.

आता ती आमची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नागरी सहकारी बँकेचं काम आमच्या गटाकडे होतं. ओरॅकल, एक मोठा स्टोरेज ॲरे, आणि वर सांगितला तसा तिसरा मिरर. रोज रात्री दोन वाजता तुटायचा, पहाटे चारला पुन्हा जोडायचा, आणि मधल्या दोन तासांत त्याच्यावरून अहवाल निघायचे. स्क्रिप्ट मिरर तुटल्याचा संदेश बघायची आणि मेल पाठवायची. वर्षभर सगळ्या मेल हिरव्या. मधे जागा कमी पडली म्हणून एक नवं व्हॉल्यूम जोडलं. ते कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये घालायचं राहिलं, म्हणून कुणीतरी, म्हणजे आमच्यातल्याच एकानं, स्क्रिप्टच्या शेवटी ते वेगळं तोडायची ओळ लिहिली. अंतर चाळीस सेकंदांचं. अहवाल नव्या व्हॉल्यूमवरच्या टेबलांना शिवतच नव्हते, आणि ते उघडताना त्या फाइल ऑफलाइन ठेवायची 'तात्पुरती' सोयही केलेली होती. म्हणून कुणाला काही दिसलं नाही.

एका गुरुवारी रात्री अडीचच्या सुमारास, मिरर तुटलेला असतानाच, कंट्रोलर बिघडला आणि जोडलेल्या दोन्ही बाजूंवर कचरा लिहिला गेला. आर्काइव्ह लॉगही त्याच ॲरेवर, तेही गेले. आम्ही निर्धास्त होतो, अर्ध्या तासापूर्वीची प्रत आहे ना! ती उघडायला घेतली तर ओरॅकलची तक्रार : नव्या व्हॉल्यूमवरची फाइल कंट्रोल फाइलपेक्षा नवी आहे. चाळीस सेकंदांत लॉग बदलला होता, चेकपॉइंट पुढे सरकला होता. फाइल जास्तच ताजी आहे म्हणून चालत नाही, हे ऐकून बँकेच्या व्यवस्थापकांनी आमच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती अजून आठवते. त्या फाइलमध्ये काय होतं? पिग्मीची खाती. भाजीवाल्या, टपरीवाले, रिक्षावाले यांचे रोजचे वीस-पन्नास रुपये.

रविवारची टेप होती. ती चढवली. मधल्या चार दिवसांचे व्यवहार व्हाउचरवरून पुन्हा टाकले, आणि पिग्मीचे एजंटांच्या यंत्रांमधून आणि पावत्यांच्या स्थळप्रतींवरून. एका एजंटच्या यंत्राची मेमरी भरली म्हणून त्यानं बुधवारी ती पुसली होती. तो माणूस दोन दिवस बाजारात फिरला, प्रत्येकीकडची पावती बघून आकडा लिहून आणला. एकीकडे पावती नव्हती. तिनं सांगितलेला आकडा बँकेनं मान्य केला.

आम्ही तेव्हा स्टोरेजला दोष दिला. आज तसं म्हणणार नाही. बिगिन बॅकअप केलं असतं, आर्काइव्ह लॉग दुसरीकडे ठेवले असते, तर चाळीस सेकंदांच्या अंतरानं काही बिघडलं नसतं. आणि याहून मोठी चूक म्हणजे वर्षभरात ती प्रत आम्ही पूर्ण अशी एकदाही उघडली नव्हती.

याच्या अगदी उलट उदाहरण सगळ्यांच्या माहितीचं आहे, पण ते नेहमी अर्धंच सांगितलं जातं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्यानं थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. त्यांनी स्वतःच सगळा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि तो या विषयातला एक उत्तम मजकूर आहे : पीजीडम्प जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे चालतच नव्हता, त्याचे अपयशाचे मेल पोचत नव्हते, बॅकअपची बकेट रिकामी होती, अझ्युअरचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. लोक इथे थांबतात आणि हसतात. पण त्यांना वाचवलं कशानं? एलव्हीएमच्या स्नॅपशॉटनं. चालू पोस्टग्रेसचा, स्टोरेजच्या पातळीवरचा, निव्वळ क्रॅश कन्सिस्टंट स्नॅपशॉट, जो एका अभियंत्यानं सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतला होता. सहा तासांचा डेटा गेला, बाकी सगळं परत आलं. डेटाबेसच्या पातळीवरचा, शास्त्रशुद्ध बॅकअप रिकामा निघाला आणि ज्याला कुणी बॅकअप म्हणत नव्हतं तो उभा राहिला.

हा योगायोग होता असं म्हणतात. वेळेपुरता होताच. पण तो स्नॅपशॉट उघडेल की नाही याची शंका कुणाला नव्हती, कारण त्या पद्धतीनंच ते स्टेजिंगच्या सर्व्हरवर डेटा नेत असत. म्हणजे ती वाट रोजच्या पायाखालची होती. डम्प मात्र कुणी कधी उघडत नव्हतं. आमच्या बँकेतली प्रत आणि गिटलॅबची प्रत यांच्यात तंत्राचा फरक फारसा नव्हता, वहिवाटीचा होता. आणि आम्ही वाचलेल्या तिन्ही मॅन्युअलांवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. प्रत कशी घ्यायची यावर पानंच्या पानं. घेतलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून कशी तपासायची हे त्याच पाककृतीची शेवटची पायरी म्हणून कुणीही लिहीत नाही. साधनं सगळ्यांकडे आहेत. ओरॅकलचं डीबीव्हेरिफाय, पोस्टग्रेसचं ॲमचेक आणि चेकसम चालू असतील तर पीजी-चेकसम्स, एसक्यूएल सर्व्हरचं चेकडीबी. काहीच जमलं नाही तर उघडलेल्या प्रतीवरून पूर्ण डम्प काढून फेकून द्या, निदान प्रत्येक ओळ एकदा वाचली तरी जाते. पण हे सगळं त्या पाककृतीच्या बाहेर.

एकदोन प्रश्न घेऊ.

पहिला, क्लाउडवर हे आपोआप होतं का? काही अंशी. ॲमेझॉनवर एका मशीनला जोडलेल्या अनेक ईबीएस व्हॉल्यूमचा एकाच क्षणाचा स्नॅपशॉट २०१९ पासून मिळतो. त्याआधी प्रत्येक व्हॉल्यूमचा वेगळा घ्यावा लागायचा, आणि त्या काळात लिहिलेल्या स्क्रिप्ट अजून पुष्कळ ठिकाणी तशाच चालू असतील. तुमची कोणत्या सालातली आहे ते घरी गेल्यावर बघा.

दुसरा, रोज प्रत उघडायला वेगळं मशीन कुठून आणायचं? जुनं वापरा. हळू चाललं तरी चालतं, त्याच्यापुढे गिऱ्हाईक उभं नसतं. त्या बँकेत निवृत्त केलेला एक सर्व्हर आम्ही कोपऱ्यात लावला. रात्रीची प्रत त्याच्यावर चढते, सगळ्या फाइलांसकट उघडते, आणि पहाटे तिच्यावरून आदल्या दिवसाची तेरीज छापली जाते. शाखा उघडली की मुख्य कारकून ती तेरीज आदल्या संध्याकाळच्या तेरजेशेजारी ठेवतात, दोन्ही बेरजांवर पेन्सिलीनं खूण करतात आणि फाइलला लावतात. पिग्मीचा आकडा ते आधी बघतात.